थांब म्हणाली होती ती

परवा दाभोशाला गेले होते... गेले ती मिरवत, आणि परत आले ती तोंड लपवत. लिहू की नको असं कालपासून चाललंय. पण बढाई इथेच मारली होती, तेव्हा फजितीही इथेच सांगायला हवी.

पोस्टाच्या खिडकीमागची नोकरी संपवून रिटायर झाले, तेव्हा सगळे विचारायचे, आता जव्हारमध्ये वेळ कसा घालवणार? मला तर वेळच पुरत नाही. सकाळी नसीमबरोबर हनुमान पॉइंटपर्यंत फिरणं, येताना बाजारात चहा... आणि लेकीने मोबाइल दिल्यापासून फोटो. नसीम माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिच्या घरचं शिलाईचं दुकान आहे. तिला मी सगळीकडे ओढून नेते आणि ती कुरकुरत येते.

फोटो दुसऱ्यांचे, बरं का! माझा काढायचा तर आधी केस, मग पदर, मग 'बाजूने नको, हनुवटी दिसते'. नसीमने एकदा पॉइंटवरचा माझा घामाघूम फोटो ग्रुपवर टाकला, तर मी तिच्याशी बोलणंच बंद केलं होतं. तिने तो डिलीट केला तेव्हा कुठे तिच्याबरोबर चहा प्यायले.

तर भातकापणीच्या सुमारास आम्ही दोघी जीपने दाभोशाचा धबधबा बघायला गेलो होतो. परतीची जीप भरेपर्यंत वेळ होता, म्हणून पाड्यात जरा फिरलो. तिथे एका घरापुढे जनी नावाची एक आजी खळं सारवत होती. लुगडं वर खोचलेलं, त्याला ठिगळ, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. वर तिरपं ऊन... मी लगेच मोबाइल काढला.

ती उठलीच. "थांब बाय, हात धुते. दुसरां लुगडां नेसते."

"नको नको आजी! असंच छान आहे. एकदम नॅचरल!"

नसीम हळूच म्हणाली, "अगं, बदलू दे ना तिला. जीप भरायला अजून वेळ आहे." मी म्हटलं, तुला फोटोतलं काय कळतंय! आजी मुकाट्याने परत खाली बसली. दारात आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, ही तिची अडचण मला दिसलीच नाही.

तो फोटो मी इथे टाकला होता, आठवत असेल. 'मातीतली माया' असं नावही दिलं होतं. तुम्ही तो डोक्यावर घेतलात. माझ्या भाचीने पुण्याहून रडका चेहरा पाठवला, कुणीतरी लिहिलं, गरिबीतही किती समाधान! आणि मी एकेकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत बसले होते.

मग काय, डोक्यात हवा गेली. बाजारातल्या स्टुडिओतून फोटो मोठा करून घेतला, सोनेरी फ्रेम केली, आणि परवा पुन्हा नसीमला घेऊन जीप गाठली. जीपमध्ये शेजारच्या बाईचा कोंबडा सारखा माझ्या मांडीवर यायला बघत होता. पण फ्रेमला मी चरा पडू दिला नाही.

आजी अंगणातच होती. बोलता बोलता कळलं, ती माझ्याहून लहानच आहे... तरी मी आपली 'आजी, आजी' करतेय. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. वरचा कागद सोडायच्या आधीच मी सांगून टाकलं, "तुम्हाला पार पुण्या-मुंबईपर्यंत लोकांनी बघितलंय!"

ती केवढी खूश झाली. हात पदराला पुसून तिने फ्रेम घेतली... आणि बघतच राहिली. एक शेजारीण फिसकन हसली.

जनीने मान वर केली. "सगळ्यांनी मना असांच बघितलां? शेणाच्या हातांनी?"

मी फ्रेमवरच्या कागदाची घडी घालत राहिले.

"मी सांगत होते ना बाय, थांब म्हणून. माझा पोरगा ठाण्याला कामाला आहे. त्याच्याबरच्या लोकांनीपण बघितलां असंल?"

माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती फक्त विचारत होती. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि नेमकी तेव्हा मला माझी हनुवटी आठवली.

"चुकलं माझं. आता थांबते मी, तुम्हाला हवं तेवढं."

ती आत गेली. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. नसीम 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही, तेच मला जास्त लागलं. समोरून आमची जीप भरून निघून गेली.

मग जनी बाहेर आली. हिरवं लुगडं, त्याच्या घड्या अजून दिसत होत्या. केसांना तेल, गळ्यात मण्यांची माळ, हात स्वच्छ धुतलेले. दारात ताठ उभी राहिली, चेहऱ्यावर हसू नाही. 'जरा हसा ना' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... गिळलं.

फोटो काढून मोबाइल तिच्याच हातात दिला. तिने बराच वेळ बघितलं.

"हां. ही मी."

जुना फोटो मी इथून काढून टाकलाय, तुमच्या सगळ्या कौतुकासकट. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी कृपा करून पुसा. तो सगळीकडून पुसला जाणार नाही, हेही कळतंय मला. काल सकाळीच आमच्या फिरायच्या ग्रुपवर कुणीतरी खाली 'सुप्रभात' लिहून तोच पाठवला होता.

नवा कसा आलाय, असं तुम्ही विचारालच. निघताना मी जनीबाईंना म्हटलं होतं, हा दाखवू का लोकांना? या वेळी विचारलं.

"लोकांना कशाला? माझ्या पोराला धाड."

शेजारणीकडून नंबर घेतला आणि तिथूनच त्याला पाठवला. म्हणून या पोस्टसोबत फोटो नाही.