जास्वंद कुणाची, गणपतीची की हमिंगबर्डची?

मंडळी, जरा मदत हवी आहे. टेक्सासमध्ये, शुगर लँडमधल्या आमच्या बॅकयार्डमध्ये गेले पंधरा दिवस युद्ध चालू आहे.

हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला मध पिणारे ते चिमुकले पक्षी, यावेत म्हणून मी हौसेने लाल जास्वंद लावली. यंदा एक आला, पार मेक्सिकोपलीकडून उडत. त्याच आठवड्यात साताऱ्याहून आई आली. ती रोज पहाटे आंघोळ करून सगळी फुलं गणपतीसाठी तोडून आणते.

"आई, दोन-चार त्याला ठेव ना!"

"त्याने चोच घातली की फूल उष्टं होतं. देवाला चालत नाही."

"मग मधमाशी बसलेलं बरं चालतं?"

"ती मध देते. हा काय देतो?"

आज आई परडी भरून वळली, तर हा समोर हजर! आईच्या गाऊनवर मोठमोठी लाल फुलं छापलेली आहेत. पठ्ठ्याने खांद्यापासून सुरुवात केली आणि एकेका फुलाला चोच लावून पाहिली. आई पुतळ्यासारखी उभी. मी खिडकीत हसून हसून बेजार.

तो गेल्यावर आई आत आली, चेहरा एवढासा करून.

"सगळी फुलं तपासली गं त्याने. एकातही काही मिळालं नाही."

गणपतीला आज एकाच फुलावर भागवावं लागलं. उरलेली परडी घेऊन आई पुन्हा झाडापाशी गेली आहे. मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे आणि ती काचेपलीकडून खुणा करून सेलोटेप मागतेय.

देऊ का?