आत्याच्या कोंबड्या आणि श्रीगोंद्याचं नवंकोरं अंगण

"कोंबड्या चालल्यात सोमवारच्या बाजाराला. भेटायचं असंल तर आत्ता ये," असा आत्याचा फोन आला आणि शनिवारी सकाळी मी पुण्याहून एसटी धरली. माणसांच्या भेटीला मी इतक्या तातडीनं जात नाही, हे घरच्यांनी ऐकवून घेतलंच. ऐकवू देत. तिच्या गावठी कोंबड्यांवर माझा जीव आहे.

तुम्हीही कधी तिकडे श्रीगोंद्याला निघालात, तर दौंडमार्गे काष्टीवरून जाणारी गाडी बघा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे भाड्याची चिंता नाही. कारखाने सुरू असले की उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर डुलत चाललेल्या असतात, तेव्हा पोचायची घाई ठेवू नका. श्रीगोंद्यातून वस्तीवर जायला शेअर जीप मिळते. ती भरेपर्यंत निवांत चहा पिऊन होतो.

वस्तीवर उतरले आणि अंगण ओळखूच येईना. नातीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून बापूदादानं, म्हणजे आत्याच्या मुलानं, भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवले होते. मला चप्पल काढायला लावून त्यानं ते दाखवले. दिसत छानच होते. पण कोंबड्या पिसं झडून पार अवकळा आल्यासारख्या झाल्या होत्या. पंख उचलून पाहिलं तर कातडीवर उवा, पिसांच्या बुडाशी लिखा. खुराड्याच्या फटींत बारीक लाल किडे. पोरांना खाज सुटलेली, तेव्हा 'विकून टाका त्या कोंबड्या' हे वहिनीचं वैतागणंही खोटं नव्हतं. विषारी औषध मारू द्यायला आत्या तयार नव्हती, कारण अंडी घरातलीच पोरं खातात.

आत्याला दुखणं नेमकं माहीत होतं. कोंबडी मातीत लोळून स्वतःच उवा झाडते, आणि आता मातीच उरली नव्हती.

"मग सांग की दादाला," मी म्हणाले.

"त्यानं हौसंनं केलंय गं. काढ म्हनून कसं म्हनू?"

दुपारभर आम्ही दोघी खुराड्याच्या मागे लागलो. आतलं सगळं बाहेर काढून जाळलं, फटींत उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर चुना फासला. बसायच्या दांडीला कडुनिंबाचं तेल लावलं. चुलीची राख चाळून त्यात वाळल्या कडुनिंबाच्या पाल्याची पूड मिसळली आणि कोंबड्यांच्या पंखांखाली हलक्या हातानं चोळली. तुम्ही करणार असाल तर राख निव्वळ लाकडाची घ्या, तोंडाडोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि आठवड्यानं पुन्हा चोळा, कारण लिखांतून नव्या उवा निघतात. उरलेली राख-माती घमेल्यात घालून ठेवली, तर दांडगी तांबडी कोंबडी त्यात ठाण मांडून बसली आणि बाकीच्यांना टोचून हाकलू लागली. रात्री वहिनीनं इकडची झणझणीत शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी केली. मी इतकी जेवले की कोंबड्यांची बाजू घेतल्याचा तिचा माझ्यावरचा राग गेला.

रविवारी सकाळी दादा आणि मी ओट्यावर चहा घेत होतो. एक काळी कोंबडी अंगणाच्या मधोमध आली, ब्लॉकवर कुशीला पडली आणि पायांनी खरडून पंखांनी अंगावर माती उडवू लागली. माती नव्हतीच. तरी ती डोळे अर्धवट मिटून मन लावून लोळत होती. मग उठली आणि नसलेली धूळ नीट झटकून टाकली.

दादाच्या हातातला कप तसाच राहिला. "आई, ही रोजच असं करती?"

"व्हय," आत्या आतून म्हणाली.

दादा उठला, पहार घेऊन आला आणि कडुनिंबाखालचा कोपरा उचकटायला लागला. नवे ब्लॉक निघताना त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. वहिनी काहीतरी बोलायला दारात आली आणि घमेल्यातली राख त्या मातीत ओतून परत गेली. कोंबड्या अशा काही तुटून पडल्या की आम्हाला धुळीनं मागं सरावं लागलं. बाजाराचा विषय तिथंच संपला.

पुण्यात आल्यावर मी बहिणीला राखेचं प्रमाण सांगत बसते, पण मनात त्या मायलेकांचं न बोलणंच घोळत राहतं. आपल्या माणसाची हौस मोडू नये म्हणून आत्या लाडक्या कोंबड्या विकायला निघाली होती. इतकी माया करावी का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्न पार पडल्यावर तिचा फोन आला. कोंबड्यांना नवी पिसं फुटताहेत म्हणाली. मांडवात पाहुण्यांनी दादाला विचारलं होतं, एवढं झकास अंगण केलं आणि हा कोपरा का सोडला?

"बापू काय म्हनला, सांगू?" आत्या म्हणाली. "म्हनला, तेवढं आईचं हाय."