अमेरिकेनं मंजूर केलेली मनाली

आमच्या गल्लीतल्या भाऊसोंना गप्प बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दुकानाच्या भिंतीला लागून, त्यामुळं नव्वद सालापासून त्यांचा आवाज फुकटात ऐकत आले. आधी त्यांचा एसटीडी बूथ होता. लोक काचेच्या आत फोनवर बोलायचे आणि भाऊसो बाहेरून सांगायचे, जेवला का विचारा की. मोबाईल आले, बूथ बसला, तसा त्यांनी चार कॉम्प्युटर मांडून नेट कॅफे काढला. कुणाचा निकाल, कुणाचं रेल्वेचं तिकीट, लोकांची कामं अंगावर घ्यायची त्यांना भारी हौस.

२००९च्या उन्हाळ्यात त्यांच्या भाच्याचं, हुपरीच्या सूरजचं लग्न झालं. सूरज जर्मनीत इंजिनिअर आणि नवरी तिथलीच, हॅना, सूरजकडून मराठी शिकलेली. तिचा ब्लाऊज मी शिवला. एवढ्या लांब हाताचं माप मी जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात सूरजच्या आईनं, म्हणजे भाऊसोंच्या बहिणीनं, शालूबाईंनी, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहवून घेतलं, मनाली. पेढे वाटले. हुपरीचे चांदीचे पैंजण घालून पोरगी घरभर छुमछुम फिरली.

सुट्टी संपली तसा सूरज जर्मनीला परतला. हॅनाला मात्र इथूनच अमेरिकेला जायचं होतं. तिच्या धाकट्या बहिणीचं तिथं लग्न होतं आणि आईवडील नसल्यानं पाठीशी उभी राहणारी हीच एकटी. जर्मन माणसाला थोड्या दिवसांसाठी तिकडं व्हिसा लागत नाही, पण त्या जानेवारीपासून नवा नियम आला होता. निघायच्या आधी इंटरनेटवर परवानगी घ्यायची. मी विचारलं, व्हिसा नको तर परवानगी कशाला?

भाऊसो म्हणाले, "पत्रिका आलीया, तरी पावणं निघायच्या आधी येतोय म्हणून फोन करत्यात का न्हाय? तसलंच हाय हे."

अर्ज त्यांनी स्वतः भरला. पासपोर्टवरून नंबर घेतला, तारखा घेतल्या. नाव तेवढं बघितलं नाही. लग्नात अक्षता टाकून आलेल्या मामानं सुनेचं नाव काय बघायचं? मनाली सूरज मुधाळे, असं त्यांनी ऐटीत टाईप केलं. लगेच परवानगी आली. छापलेला कागद घेऊन ते गल्लीभर मिरवले.

निघायच्या आधी हॅना मामांकडं मुक्कामाला आली. तिनं कागद पासपोर्टशेजारी ठेवला. पासपोर्टवर होती हॅना बेकर.

"मामा, या नावाची बाई विमानात बसू शकत नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

भाऊसो गप्प झाले. आहे त्या अर्जात नाव बदलायची सोय नव्हती, नवाच करावा लागला. या वेळी उत्तर आलं, थांबा, तीन दिवसही लागतील. विमान तर परवाचं. मला असा संताप आला की चांगलं सुनवायचं ठरवून गेले, पण खुर्चीत आक्रसून बसलेला तो धिप्पाड माणूस बघून नुसता चहा देऊन परत आले. शालूबाई हुपरीहून रडतच आल्या. आपण ठेवलेलं नावच पोरीच्या आड आलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडते तोच भिंतीपलीकडून माझ्या नावानं गर्जना झाली. "आक्काताई, आली! हॅनाला सोडत्यात!"

मी गळ्यात टेप तशीच ठेवून धावले. भाऊसो सगळ्यांना पेढे भरवत होते, आणि खरं सांगते, त्या आवाजाचा मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या, आता तुला हॅनाच म्हणते बाई.

हॅनानं कचऱ्याच्या टोपलीत पडलेला चुकीचा कागद उचलला, सरळ केला आणि सासूच्या हातात दिला.

"आत्ती, हा टाकायचा न्हाय. अमेरिका मनालीलापण या म्हणालीय की."

तो कागद आता हुपरीत लग्नाच्या फोटोशेजारी चौकटीत आहे. हॅना अमेरिकेला जाऊन बहिणीचं लग्न लावून आली. मनाली काही अजून तिकडं गेली नाही. ती दर दिवाळीला हुपरीला येते.