गाडीचा इसार

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे ठेवतात. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, बँकेचं पत्र असो की फवारणीच्या डब्यावरचा मजकूर. मी जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात नेमकं काय शिकवतात हे घरात कुणाला माहीत नाही. छापलेलं सगळं वाचता येतं, असा सगळ्यांचा समज आहे. तो समज मी कधी मोडला नाही. मोडायला हवा होता, असं आता वाटतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांची जुनी पांढरी जीप आहे. एका बियाणे कंपनीच्या साहेबांना शेतांतले बियाण्याचे प्लॉट दाखवायला ते ती चालवतात. बदनापूरहून सकाळी निघायचं, नवीन जालन्यातल्या ऑफिसातून साहेबांना घ्यायचं, आणि भोकरदनकडची गावं फिरून संध्याकाळी परत. जीपच्या मागच्या काचेवर माझं नाव रंगवलेलं आहे. उन्हानं ते इतकं फिकं झालंय की आता फक्त आम्हालाच वाचता येतं.

उन्हाळ्यात ऑफिसनं सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं की दिवाळीनंतर जुन्या गाड्या ठेवणार नाहीत. ज्याच्याकडे नवी गाडी असेल त्याचं काम राहील. दादा घरी आले आणि हे एका वाक्यात सांगून जेवायला बसले. आम्हाला सगळ्यांना कळलं की नवी गाडी नाही तर काम नाही. आमच्याकडे दुसरं काम नव्हतं.

जालन्याच्या एका शोरूममध्ये चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी नवी गाडी विकत घेण्याऐवजी लीजवर घ्या म्हणून सांगितलं. पिवळ्या नंबरप्लेटची, भाड्यानं चालवायची परवानगी असलेली गाडी. सुरुवातीला थोडे पैसे, मग दर महिन्याला ठरलेली रक्कम. विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच. चार वर्षांनी गाडी परत द्यायची. मॅडम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्या दादांना काका म्हणत होत्या आणि फार नीट बोलत होत्या. दादांनी एकच प्रश्न विचारला, चार वर्षांनी गाडी कुणाची? त्या म्हणाल्या, कंपनीची काका, आणि तिचं टेन्शन पण कंपनीचं. दादा हसले. मग त्यांनी कागद घेतले आणि ते सरळ माझ्या हातात दिले. चौदा पानं होती.

मी ती पानं कॉलेजला जाता-येता रेल्वेत वाचली. बदनापूर ते जालना म्हणजे फार वेळ मिळत नाही, म्हणून रोज दोन-तीन पानं. सुटे शब्द बहुतेक समजत होते. वाक्य संपेपर्यंत मात्र सुरुवात कशानं झाली होती ते विसरायला व्हायचं. पुन्हा वाचलं की दुसराच अर्थ निघायचा. कॉलेजात कुणाला विचारावं, तर माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी असले कागद वडील वाचतात. मला लाज वाटली. मी कुणालाच विचारलं नाही.

आठवड्यानं दादांनी विचारलं, काय लिहिलंय? मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मला सांगता येत नाहीये. गाडी आपली, पण आपली नाही. पैसे भरायचे, पण ते किमतीचे नाहीत. दादा ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. तेव्हा मला एकदम सुचलं. जीप यायच्या आधी दादा दुसऱ्यांचं वावर ठोक्यानं करायचे. वर्षाची ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वावर कसायचं, पाडव्याला परत करायचं. पिकलं किती, यात मालकानं पडायचं नाही.

मी म्हणाले, "दादा, हे ठोक्यासारखंच आहे."

दादांचा चेहरा उजळला. "असं सांग की मंग. म्हणजे बरं हाय ना?"

"बरं वाटतंय," मी म्हणाले.

माझ्या मनात भर 'वाटतंय' वर होता. दादांनी फक्त 'बरं' ऐकलं, त्यात त्यांची चूक नाही. मायला मात्र ते पटलं नव्हतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली की ठोक्याच्या गाडीवर नाव कुणाचं घालायचं, पोरीचं का त्या मॅडमचं? मी पुन्हा कागद काढून बघितला. गाडीवर काहीही रंगवायला किंवा चिकटवायला बंदी होती. तेवढं मला स्पष्ट समजलं, पण मी ते मायला सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दादा मला घेऊन शोरूममध्ये गेले. ते कशाला चाललेत हे मी विचारलं नाही. अजून काही शंका विचारायच्या असतील, असं मला वाटलं. दादांनी खिशातून घडी घातलेले अकराशे रुपये काढले. क्षणभर थांबले, बहुतेक बाईमाणसाच्या हातात कसे द्यायचे म्हणून, आणि मग ते टेबलावर ठेवून मॅडमकडे सरकवले.

"इसार हाय," ते म्हणाले. "आमची जबान झाली."

मॅडमना इसार माहीत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की वावराचा किंवा बैलाचा व्यवहार पक्का झाला की घेणारा थोडे पैसे देतो, मग दोन्हीकडून शब्द बांधला जातो. त्या म्हणाल्या, पण काका, बुकिंगची रक्कम वेगळी असते, ती ऑनलाइन भरायची, याची मला पावतीसुद्धा करता येणार नाही. दादा म्हणाले, इसाराला पावती नसते. मॅडमना ते पैसे परत द्यावेसे वाटत होते आणि दादांना वाईट वाटेल म्हणून देताही येत नव्हते. शेवटी त्यांनी ते एका पाकिटात घालून खणात ठेवले. बाहेर आल्यावर दादा सरळ चालत राहिले. ज्या कागदाचा मला नीट अर्थ लागला नव्हता, त्यावर आमचा शब्द गेला होता.

दोन दिवसांनी मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. अकराव्या पानावर एक तक्ता होता. तो मी आधी सोडून दिला होता, कारण त्यात नुसते आकडे होते आणि मला वाटलं होतं की ते इंजिनाबद्दल असतील. ते किलोमीटरबद्दल होते. गाडी वर्षाला वीस हजार किलोमीटरच चालवायची. त्यापुढे गेली तर प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे, आणि ते चार वर्षांनी गाडी परत देताना एकदम घेणार.

वीस हजार हे खूप की थोडे, तेच मला कळेना. मी दादांना विचारलं की आपली जीप वर्षाला किती किलोमीटर चालते. त्यांना हसू आलं. किलोमीटर कशाला मोजायचे, त्यांनी उलट मलाच विचारलं. कंपनी दिवसावर पैसे देते, अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस. भोकरदनकडच्या धावड्याला जाऊन येणं म्हणजे पूर्ण दिवस. बदनापूरच्या आसपास म्हणजे अर्धा. मी जीपमध्ये जाऊन मीटर बघितला. मी सातवीत असताना तो ज्या आकड्यावर बंद पडला होता, त्याच आकड्यावर होता. पेट्रोल पंपावरच्या एका माणसालाही मी विचारून पाहिलं, तुमची गाडी वर्षाला किती चालते म्हणून. तो म्हणाला, लई.

मग मी ठरवलं की एक दिवस दादांबरोबर जायचं आणि मोजायचं. कॉलेज बुडवावं लागलं. मोबाइलमध्ये अंतर मोजायचं चालू केलं आणि मागच्या सीटवर बसले. साहेब पुढे होते. पोरगी आज कशी काय, असं त्यांनी विचारलं, तर दादा म्हणाले, "कागद वाचून राह्यली." ते इतक्या अभिमानानं म्हणाले की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

धावड्याच्या अलीकडे मोबाइलची रेंज गेली. तिथून मी रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजले. साहेब एका शेडनेटमध्ये जायचे, मिरचीची झाडं बघायचे, वहीत लिहायचे, मग पुढचं गाव. कच्च्या रस्त्यांवर दगडच नव्हते. तिथलं अंतर मी शेतातल्या बायकांना विचारून लिहिलं. एकीनं एक किलोमीटर सांगितलं आणि तिच्याच शेजारच्या बाईनं तीन. मी दोन लिहिलं.

जेवायला थांबलो तेव्हा साहेबांना मी भीत भीत विचारलं की गाडी कोरी नवीच लागते का. ते म्हणाले, तसं काही नाही, सहा-सात वर्षांच्या आतली असली म्हणजे झालं, जुनी घेतलेली पण चालते. दादांनी हे ऐकलं. त्यांचा घास हातातच राहिला. ऑफिसात हे कुणीच सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि दादांनी 'नवी' एवढंच धरून ठेवलं असेल. ते मला अजून माहीत नाही.

साहेबांना जालन्यात सोडलं तेव्हा माझ्या कागदावर एकशे चौसष्ट आकडा होता. परतताना दादा चहाला थांबले. मी त्यांना विचारलं की असे पूर्ण दिवस वर्षात किती होतात. त्यांनी महिन्यांनी नाही, हंगामांनी सांगितलं. मिरचीचे एवढे, कपाशीच्या क्रॉसिंगचे, म्हणजे बियाण्यासाठी परागीकरण करतात त्याचे, एवढे, मग मधे थोडं थंड, मग लग्नाची भाडी. मी जमेल तसं लिहिलं. नुसत्या हंगामातले दिवस धरले तरी वीस हजार ओलांडत होते. लग्नांची धावपळ वेगळीच.

"दादा, मी ठोका म्हणले ना, ते चुकलं," मी म्हणाले.

ते बशीत चहा ओतत होते. "काय चुकलं?"

"ते किती चालवली ते मोजणार. जास्त झालं तर पैसे लावणार."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ठोक्यात मालक औत किती फिरलं ते मोजतो का?"

"न्हाई."

"मंग हा ठोका न्हाई." आणि बशी उचलत, "पण बाई, इसार तर देऊन आल्तो आपण."

मी म्हणाले की माझा हिशोब एकाच दिवसाचा आहे, तोसुद्धा अर्धा दगडांवरचा. चुकीचा असू शकतो. मॅडम म्हणतात तसं सर्व्हिसिंगचा खर्च वाचेल, विम्याचा वाचेल, ते मला धरताच आलं नाही. कदाचित सगळं मिळून ते बरंच असेल. हे सगळं मी एका दमात बोलले. दादांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले की पैशाचं राहू दे, गाडी चालवताना पूर्ण दिवस मीटरकडं बघत बसायला मला जमणार नाही. साहेब म्हणतील पुढच्या गावाला चला, आणि मी मनात किलोमीटर मोजून राह्यलो, असं काम होत नसतं.

गाडी नको म्हणून सांगायला शोरूममध्ये गेलो, तेव्हा मॅडमनी खणातून पाकीट काढलं. ते जसंच्या तसं होतं. त्या म्हणाल्या, काका, हे तुमचं, मी कुठेच जमा केलं नव्हतं. दादांनी हात मागे घेतला. बोलणं आम्ही मोडलं, म्हणून इसार तुमचा, असं ते म्हणाले. तुमच्याकडून मोडलं असतं तर तुम्हाला दुप्पट द्यावा लागला असता, हेही त्यांनी समजावून सांगितलं. मॅडम हसल्या, पण त्यांना घाम आला होता. पुन्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी दादांकडे पाहिलं. पाकीट दोघांच्या मधे टेबलावर राहिलं आणि आम्ही निघालो. त्याचं पुढे काय झालं, कुणास ठाऊक.

मला रडू येत होतं. मी आधीच 'मला समजलं नाही' म्हणाले असते तर अकराशे रुपये गेले नसते. जीपमध्ये बसल्यावर तसं बोलूनही दाखवलं. दादा म्हणाले, तुझ्या कॉलेजात फी भरतो, तिथं तरी मी कधी पावती वाचली का? मला ते सांत्वन वाटलं की टोमणा, ते ठरवता आलं नाही. बहुतेक दोन्ही असेल.

माय म्हणाली, बरं झालं, गाडीवर पोरीचं नाव तरी राहील.

गेल्या रविवारी बदनापुरातच एक पाच वर्षांची जुनी गाडी बघायला गेलो. घरातले साठवलेले पैसे आणि जीप विकून येतील ते, असं मिळून जमण्यासारखी आहे. दिवाळीला अजून सव्वा महिना आहे. दादांनी एरवी आधी बॉनेट उघडलं असतं. या वेळी ते सरळ आत बसले, चावी फिरवली आणि मला बोलावलं.

"मीटर चालू हाय का बघ."

मी वाकून बघितलं. गाडी थोडी पुढे घेतली तेव्हा शेवटचा आकडा बदलला. पाच वर्षांच्या मानानं एकूण आकडा फार कमी होता. मालक म्हणाला, आम्ही बाहेर काढतच नव्हतो. सीटचं कापड मात्र ड्रायव्हरच्या बाजूला पार झिजलेलं होतं.

दादा माझ्याकडे बघत होते. बरं हाय का, हे त्यांनी विचारलं नाही, पण विचारल्यासारखंच होतं.

"चालू आहे," मी म्हणाले. "पण खरं बोलतंय का, ते मला समजत नाहीये."

दादांनी मान हलवली, चावी काढली आणि मालकाला सांगितलं की पोरगी अजून एकदा येऊन बघेल. खिशाकडे हात नेला नाही.