मोकळ्या चौकटी

रत्नागिरीत माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा भाट्याहून एक बाई फ्लॉपी घेऊन आल्या. पदराला हात पुसल्याशिवाय त्या माउसला शिवत नसत. त्यांच्या बचत गटाच्या एक्सेल यादीत बऱ्याच नावांपुढे कोणीतरी ‘विधवा’ असं लिहून ठेवलं होतं.

“दादा, हा शब्द सगळीकडून एकदम जाईल काय?”

शब्द शोधून बदलणारा मॅक्रो मी करून दिला. “त्याच्या जागी काय घालू?”

“काय नको. मोकळं ठेवा.”

बटण त्यांनीच दाबलं. शब्द गेले. मग त्या मोकळ्या चौकटींत एका बोटाने टाइप करू लागल्या. ‘सुकी मासळी विकते.’ ‘कपडे शिवते.’ स्वतःच्या नावापुढची चौकट आली तशा थांबल्या, हसल्या आणि लिहिलं, ‘कॉम्प्युटर शिकते.’