दसऱ्याला घातलेलं तेल

गाडीच्या तेलाचा विषय निघाला की मी आजही उठून जातो. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण कंटाळा आलाय.

सत्तरच्या दशकात मी उधन्याच्या एका मिलमालकाची गाडी चालवायचो. थोरला भाऊ त्याच मिलमध्ये लूमना, म्हणजे यंत्रमागांना, तेल द्यायचा. त्यानेच मला नोकरीला चिकटवलं होतं. मिलच्या आवारात सुताचा कचरा उडायचा, म्हणून मी इंजिन ऑइल ठरल्यापेक्षा आधीच बदलायचो, तेही बोटांत चोळून पाहून. ब्रेक ऑइल मात्र फक्त सीलबंद डब्यातलं. शेठ हसायचे, हसू देत. दहा वर्षांत गाडी एकदाही रस्त्यात थांबली नव्हती.

दसऱ्याला लूम बंद ठेवून, धुऊन, तेल देऊन पूजा व्हायची. गाडीचं बॉनेट उघडून मीही हळदकुंकू वाहिलं आणि प्रसाद घ्यायला आत गेलो. परत आलो तर भाऊ तेलाची झारी घेऊन उभा.

“तुनी गाडीले बी तेल दी दिधं रे,” तो खुशीत म्हणाला.

मला वाटलं, दाराच्या बिजागऱ्यांना दिलं असेल. मी बॉनेट लावलं.

चार दिवसांनी शेठना घेऊन कडोदऱ्याला निघालो. वाटेत ब्रेक सुटेनात, चाकं तापून धूर निघाला. चाकं थंड झाल्यावर ढकलत गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रीने बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत बोट बुडवून वास घेतला. लूमचं तेल! आतली सगळी रबरं फुगली होती.

“आ तेल कोणे नाख्युं?” शेठ गुजरातीत कडाडले. “ज्याने टाकलं असेल त्याला आजच घरी बसवतो.”

भावाच्या घरी खाणारी सात तोंडं. मी सडाफटिंग.

“मीच घातलं, शेठ.”

शेठनी गाडीची चावी तिथेच काढून घेतली. माझी नोकरी गेल्याचं भावाला कळलं तेव्हा त्याने शेठचे पाय धरले आणि मला लूमखात्यात, स्वतःच्या हाताखाली लावून घेतलं. पहिल्याच दिवशी माझ्या हातात झारी देत म्हणाला, “कोनतं तेल कोठे टाकानं, इतलं बी समजनं नही तुले?”

ब्रेक आपणच दिलेल्या तेलाने गेले, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी संतापलो. सांगून टाकावं असं वाटलं. पण मग तो आपली चूक कबूल करायला थेट शेठकडे गेला असता. मी झारी घेऊन पहिल्या लूमकडे वळलो.

पुढे तो जिथे जाईल तिथे हे सांगायचा. सोयऱ्यांत, लग्नात, माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा. मी उठून जायचो. आता तो नाही. परवा त्याचा मोठा मुलगा नवी गाडी घेऊन आला. पेढा हातावर ठेवत म्हणाला, “काका, बसा. फक्त बॉनेटला हात लावू नका.”