उकंडा लंडनला पोचेपर्यंत

राळेगावचा श्रावण गवंडी हिशेबाला पक्का आणि जिभेला तिखट. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी घरातला देव्हारा काढून त्या कोनाड्यात ओळंबा आणि फूटपट्टी ठेवली. मी शेजारीण, डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या बायकोने, मथुरावहिनींनी, सगळं सोसलं. देव गेले, उपास गेले, नवस गेले. एक गोष्ट मात्र बाईने सोडली नाही. घरचं माणूस गावाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचं नाही.

त्याला कारण होतं. आधीची दोन लेकरं गेलेली. तिसरं झालं तेव्हा सुईणीने ते सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, टाकलेलं म्हणून परत उचललं, नाव उकंडा ठेवलं, आणि ते जगलं. आता कचऱ्याने राखलेल्या पोराच्या पाठीमागे ती माउली केर बाहेर टाकेल कशी?

पोरगा शिकायला नागपूरला जायचा तोवर सोपं होतं. एसटी पोचायची वेळ झाली की वहिनी झाडायला फडा हाती घ्यायच्या. पण त्रेसष्ट साली त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो लंडनला निघाला. विमान शनिवारी रात्री मुंबईहून उडणार होतं, आणि रविवारी सकाळी बुद्धवंदनेला सारी वस्ती यांच्याच अंगणात जमणार होती.

"लोकाइले काय केरात बसवतं?" श्रावणभाऊजी भडकले.

"पोरगं पोचलं की झाडतो."

"मंग किती येळ लागते थेच काढतो!"

शाळेतून पृथ्वीचा गोल आणला. मुंबईपासून लंडनपर्यंत भिंत सरळ धरायची दोरी ताणली, तेवढी दोरी गोलाभोवती किती वेळा बसते ते पाहिलं. साडेपाच वेळा. गोलाचा वेढा पंचवीस हजार मैल, म्हणजे लंडन साडेचार हजारावर. विमान तासाला पाचशे मैल जातं, असं मास्तर म्हणाले होते.

"नऊ घंटे. लोकं यायच्या आंधी पोचते. झाडजो."

"मधात थांबत नाई काय? एसटी त कळंबले चहाले थांबते."

मास्तरांनी मधले दोन थांबेही सांगितले होते. ते भाऊजींनी सोयीने गिळले होते. "विमान काय एसटी हाये?" म्हणून ओरडले आणि बाहेर पडले.

रविवारी सकाळी मी सतरंज्या घेऊन गेले, तर वहिनी डोळे पुसत घरभर फडा शोधत होत्या. चारचौघांत नवऱ्याची मान खाली जायला नको, म्हणून बाईने जीव घट्ट केला होता. फडा मात्र कुठेच नव्हता.

"मले काय माहीत?" म्हणत भाऊजींनी निंबाच्या पाल्यावरच सतरंज्या अंथरल्या. लोक आले, पायाखाली पाला करकरला, कोणी नाकही मुरडलं. वंदना झाल्यावर भाऊजी अंधश्रद्धा कशी मोडावी यावर अर्धा तास बोलले. मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

सगळे गेल्यावर त्यांनी अवजारांच्या थैल्यातून फडा काढला आणि वहिनींपुढे धरला.

"नऊ घंटे विमानाचे, तीन थांब्याचे, अन् वरून एक माह्या अंगचा. पोचला. झाड आता."

वहिनी फडा घेऊन वाकल्या, तोच भाऊजींनी त्यांचा हात धरला.

"थांब जराशी. अजून एक घंटा जाऊ दे."